एसएस सिग्नी: तारा उजळतो, तेव्हा क्ष-किरण घटतात

हंस तारकासमूहातील एसएस सिग्नी हा तारा १८९६ साली हार्वर्ड वेधशाळेतील लुइझा वेल्स यांना आकाशाच्या छायाचित्रांत सापडला, आणि तेव्हापासून हौशी निरीक्षकांनी त्याच्यावरची नजर क्वचितच हटवली आहे. एरवी बाराव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) हा मंद तारा साधारण सात-आठ आठवड्यांनी एकदा आठव्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीसपट उजळतो आणि काही दिवसांनी पुन्हा मंदावतो. हा खेळ गच्चीवरच्या दुर्बिणीतूनही दिसतो. क्ष-किरण मात्र वातावरणात शोषले जात असल्याने त्यांच्यासाठी उपग्रह लागतो, आणि उपग्रहातून चित्र उलटे दिसते: प्रकाश ऐन भरात असताना उच्च ऊर्जेचे क्ष-किरण घटलेले असतात.

वास्तविक हा एक तारा नसून जोडी आहे. सूर्याएवढ्या वस्तुमानाचे, पण पृथ्वीएवढ्या आकारात दाबलेले श्वेतबटू आणि त्याचा थंड, तांबूस सहचर हे दोघे साडेसहा तासांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. सहचराचा वायू ओढला जातो, पण तो सरळ न पडता चकतीच्या रूपाने बटूभोवती फिरत राहतो. चकतीत साचलेला वायू तापून आयनीभूत झाला, म्हणजे त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटले, की त्यातले अंतर्गत घर्षण वाढते आणि तो एकाएकी आत घसरतो. हाच तो उद्रेक.

चकतीच्या आतल्या कडेशी वायूचा वेग सेकंदाला काही हजार किलोमीटर असतो, तर बटूचा पृष्ठभाग त्या मानाने सावकाश फिरत असतो. धारवाल्याच्या चाकाला सुरी टेकली की ठिणग्या उडतात त्या टेकण्याच्या जागी. तसेच वायूच्या पडण्यातून मिळालेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी चकती व पृष्ठभाग यांच्यामधल्या या अरुंद पट्ट्यात बाहेर पडते. क्ष-किरण येतात ते येथूनच.

ऑक्टोबर १९९६ मध्ये हौशी निरीक्षकांनी उद्रेक सुरू झाल्याची वर्दी दिली आणि तो क्ष-किरणांच्या व अतिनील किरणांच्या दोन उपग्रहांनी एकाच वेळी टिपला. दृश्य प्रकाश वाढू लागल्यानंतर साधारण एका दिवसाने क्ष-किरण वाढले, आणि मग काही तासांतच कोसळले. त्याच क्षणी अतिलघु तरंगलांबीचे अतिनील किरण उसळले. कारण घनतेत आहे. शांत काळात पट्ट्यातला वायू विरळ असतो. त्याला उष्णता झटपट टाकता येत नाही, म्हणून तो दहा कोटी केल्विनच्या पुढे तापतो. उद्रेकात तोच वायू दाट व अपारदर्शक होतो, ऊर्जा त्यात पुनःपुन्हा शोषली जाऊन वाटली जाते आणि तापमान काही लाख केल्विनवर येते. ऊर्जा वाढलेली असते, पण ती क्ष-किरणांच्या पट्टीतून निसटलेली असते. मला या विषयातले हे सर्वांत देखणे निरीक्षण वाटते.

शौरी तारकासमूहातील एएम हर्क्युलिस या अशाच दुसऱ्या जोडीत मात्र चकतीच नाही. तेथील बटूचे चुंबकीय क्षेत्र एक कोटी गॉसहून अधिक असल्याने वायू बलरेषांवरून थेट ध्रुवाजवळ कोसळतो आणि पृष्ठभागाच्या जरा वर आघात-तरंगात तापतो. या तापमानावरून बटूचे वस्तुमान काढता येते, कारण बटू जितके जड, तितके ते लहान आणि पडणाऱ्या वायूचा वेग तितका जास्त. तापमान सांगतात क्ष-किरणांच्या वर्णपटातील लोहाच्या रेषा: ६.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) जवळची रेषा दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोहाची, ६.९७ जवळची एकच उरलेल्याची. तिसरी, ६.४ जवळची रेषा त्या मानाने थंड लोहाची असते. तिचा काही भाग बटूच्या पृष्ठभागावर आदळून परतलेल्या क्ष-किरणांमुळे उमटतो.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेली क्ष-किरण दुर्बीण आहे. तिचा पल्ला ०.३ ते ८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने या तिन्ही रेषा त्यात येतात, आणि शेजारीच अतिनील दुर्बीण असल्याने दोन्ही प्रकारचे किरण एकाच वेळी पाहण्यासाठी १९९६ सारखे दोन उपग्रह जुळवावे लागत नाहीत.