गमबूट

गमबूट : रबराचा किंवा पीव्हीसीचा, नडगीपर्यंत किंवा थेट गुडघ्याखालपर्यंत येणारा, नाडी नसलेला आणि पाणी आत शिरेल अशी शिवण नसलेला बूट. चिखल, शेण, सांडपाणी, मासळीचे बर्फाचे पाणी, ओले काँक्रीट अशा ठिकाणी उभे राहून करायच्या कामांसाठी तो वापरतात. इंग्रजी ‘गम’ म्हणजे झाडाचा डिंक किंवा चीक. रबर चिकापासून होते, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये यालाच वेलिंग्टन, लाडाने ‘वेली’ म्हणतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मात्र आपल्यासारखेच गमबूट. मराठीत ‘पावसाळी बूट’ हाही शब्द ऐकू येतो, पण तो शाळकरी पोरांच्या रंगीत बुटांनाही चालतो. हार्डवेअरच्या दुकानात मागायचे ते गमबूटच.

वेलिंग्टन हे नाव ज्याच्यावरून पडले तो आर्थर वेलस्ली महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असईची लढाई (आजच्या जालना जिल्ह्यात), डिसेंबरात गाविलगड, हा सगळा त्याचाच पराक्रम, किंवा आपल्या बाजूने पाहिले तर उपद्व्याप. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि लंडनच्या होबी नावाच्या बूटकारागिराकडून त्याने त्या काळच्या लष्करी हेसियन बुटाचे गोंडे काढून, बूट पायाला चपखल बसेल असा बदलून घेतला. तो बूट वासराच्या कातड्याचा होता. रबर त्यात मुळीच नव्हते.

रबर आले ते चार्ल्स गुडइयरमुळे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत तडकते. गंधक घालून ते तापवले की लवचीक आणि टिकाऊ होते, हे त्याला १८३९ मध्ये उमगले. अमेरिकेत त्याला त्याचे पेटंट १८४४ मध्ये मिळाले. पादत्राणांसाठीचा हक्क हायरम हचिन्सन या अमेरिकनाने घेतला आणि १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कारखाना काढला. तिथला शेतकरी तोवर लाकडी खडावांसारखे सॅबो घालून ओल्या रानात राबत असे, त्याला कोरडा पाय पहिल्यांदा मिळाला. एडिंबरामध्ये १८५६ मध्ये उभ्या राहिलेल्या नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनीने पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांसाठी सुमारे १२ लाख जोड पुरवले. दिवसच्या दिवस गार पाण्यात राहून पाय सुन्न होत, सडत, प्रसंगी कापावे लागत. या दुखण्याला नावच ‘ट्रेंच फूट’ पडले. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींत पाणी साचे, आणि खाणमालकांना पाणी उपसण्यापेक्षा मजुरांना गमबूट देणे स्वस्त पडे. बोलायला बंदी असलेले मजूर बुटांवर थापा मारून एकमेकांना खुणा करत. गमबूट-नृत्याचा उगम असा सांगतात.

साहित्य आणि ओळख. बाजारात दोन जाती प्रामुख्याने दिसतात. नैसर्गिक रबराचा बूट हातात घेतला की मऊ आणि जड लागतो. घोट्याजवळ दुमडून सोडला की सुरकुती न ठेवता परत उभा राहतो. पीव्हीसीचा बूट साच्यात ओतलेला असतो, त्यामुळे पुढून मागून साच्याची बारीक रेघ दिसते. तो स्वस्त असतो, ॲसिड आणि डिटर्जंटला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण थंडीत कडक होतो आणि रोज जिथे दुमडतो त्याच रेषेवर एक दिवस चिरतो. अंगठ्याच्या मागे, पाऊल वाकते त्या जागी, जुन्या बुटाला पहिली चीर हमखास दिसेल. रबराच्या बुटाला सायकलच्या पंक्चरवाल्याचे ठिगळ आणि सोल्यूशन चालते. पीव्हीसीवर ते धरत नाही, दोन दिवसांत सुटते. गॅरेज, खाणावळ किंवा कत्तलखाना, जिथे तेल-चरबी पायाखाली असते, तिथे साधे रबर फुगते. त्या कामाला नायट्राइल रबर मिसळलेला बूट लागतो. पॉलियुरेथेनचे बूट वजनाला हलके आणि उबदार असतात. दिवसभर चालणाऱ्यांना ते सोयीचे, पण ते महाग पडतात.

भोक कुठे आहे ते शोधायची जुनी युक्ती अशी: अंधाऱ्या खोलीत बुटात पेटलेला टॉर्च सोडायचा. सुईएवढे छिद्रही ताऱ्यासारखे चमकते.

मानके. भारतीय मानक ब्यूरोचे रबरी गमबुटांसाठी आयएस ५५५७ आणि पीव्हीसी बुटांसाठी आयएस १२२५४ हे मानक आहे. सुरक्षा-बुटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ २०३४५) पुढच्या टोपीने २०० ज्यूलचा आघात सोसला पाहिजे, म्हणजे साधारण २० किलोचा दगड एक मीटर उंचीवरून बोटांवर पडला तरी बोटे शाबूत. त्यात संपूर्ण रबरी वा पॉलिमरच्या बुटांसाठी एस-४ आणि एस-५ असे दर्जे आहेत. एस-५ मध्ये तळव्यात खिळा न घुसणारा थरही असतो. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या सोडवताना खिळे वर तोंड करून पडलेले असतात आणि उसाच्या फडात कोयत्याने तिरके तोडलेले बुडखे भाल्यासारखे उभे असतात. तिथे नुसता गमबूट पुरत नाही, हा थर हवाच. काळ्या रबराचा बूट म्हणजे विजेपासून संरक्षण, ही समजूत मात्र धोक्याची. रबर काळे होते ते त्यात मिसळलेल्या काजळीमुळे, आणि कार्बन वीज वाहतो. वायरमनने विद्युतरोधक म्हणून तपासलेला, तसा शिक्का असलेला बूटच घ्यावा.

निवड. ‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊन बूट घेणारा बहुधा फसतो, कारण पाय ओला करणारे पाणी दोन बाजूंनी येते. एक बाहेरचे, एक आतले. जो बूट बाहेरचे थेंबभर आत येऊ देत नाही तो घामही थेंबभर बाहेर जाऊ देत नाही. पावसाळ्यात आठ तास गमबूट घालून काढला की मोजा पिळावा लागतो, आणि दोन बोटांच्या बेचक्यात पांढरे, भेगाळलेले, झोंबणारे कातडे दिसते. त्या चिखल्या. बूट न घालताही होतात, चुकीचा बूट घालूनही होतात. म्हणून आधी ठरवायचे ते हे, की भीती कोणत्या पाण्याची आहे.

सांडपाण्यात, गोठ्यात, तुंबलेल्या रस्त्यात भीती बाहेरच्याची आहे. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरा जंतू पायावरच्या बारीक खरचटीतूनही शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. सिंधुदुर्गातल्या भातशेतकऱ्यांनाही हा ताप नवा नाही. इथे घामाचा विचार दुय्यम, गुडघ्याखालपर्यंतचा सलग बूटच योग्य. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांत, सफाई कामगाराला द्यायच्या साधनांच्या यादीत गमबूट आहेत. प्रत्यक्षात मिळतात ते पुष्कळदा एकाच मापाचे. स्त्री कामगाराला सातचा बूट दिला, की ती दोन मोजे चढवून, टाच वाजवत, घसरत चालते आणि तिसऱ्या दिवशी बूट कोपऱ्यात ठेवून चपलेवर येते. याला कामगाराचा आळस म्हणणे सोपे आहे.

उलट रेल्वेच्या रुळांकडेने खडीवरून मैलोन्‌मैल गस्त घालायची, डोंगर चढायचा, रानात फिरायचे, तर गमबूट पायाचा शत्रू. घोट्याला आधार नाही, आणि सैल टाच सोलवटते. तिथे नाडीचा कातडी बूट बरा. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत वरच्या कातड्याला जोडलेली असावी, नाहीतर पाणी नाडीच्या फटीतूनच येते. दुसरे, तळ कसा जोडला आहे ते. वेल्टवर, म्हणजे बुटाच्या कडेने फिरवलेल्या पट्टीवर, शिवलेला तळ झिजल्यावर बदलता येतो, नुसता चिकटवलेला बहुधा नाही. वेल्ट शिवण्याच्या यंत्रालाही गुडइयरचेच नाव आहे, पण तो मुलगा, धाकटा चार्ल्स. आतला पातळ पडदा वाफ बाहेर सोडतो आणि पाणी अडवतो, अशी जाहिरात असलेले बूट थंड, कोरड्या हवेत खरोखर काम करतात. कोकणातल्या जुलैत बाहेरची हवाच इतकी दमट असते की वाफेला बाहेर जायला जागा राहत नाही.

भातलावणीला मात्र दोन्ही बूट निरुपयोगी. चिखलात रुतलेला बूट उपसताना तळाखाली पोकळी होऊन तो ओढला जातो, पाय बाहेर येतो आणि बूट खाचरात राहतो. अनवाणी पाय बोटे आकसून सहज निघतो. शिवाय आवा (भाताचे रोप) कुठे लागला आणि कुठे तुडवला गेला हे बोटांनाच कळते. बांधावरचे गवत कापताना, पेंढा ओढताना आणि रात्री पाणी धरायला जाताना गमबूट घालावा. फुरसे, घोणस बहुतेक गुडघ्याच्या खालीच चावतात.

माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कामाचाच मोजा घालून पाहावे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आणि पोटरीभोवती दोन बोटे जातील एवढी सैल मान पुरे. मान याहून ढगळ असली की पाणी वरूनच येते. फवारणीच्या वेळी पँट बुटात खोचू नये, बाहेर सोडावी, नाहीतर अंगावरून ओघळलेले औषध सरळ बुटात उतरते आणि दिवसभर पाय त्यातच भिजत राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधांनंतर संरक्षक साधनांची चर्चा बरीच झाली. भर ऑक्टोबरच्या उन्हात डोक्याएवढ्या कपाशीत रबरी बूट घालून पंप वाहायचा म्हणजे काय, हे त्या चर्चेत फारसे आले नाही.

निगा. बूट आतून धुवून, उपडा करून, काठीवर सावलीत टांगावा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की रात्रभरात ओल ओढतात. ऊन आणि चुलीची धग दोन्ही रबराला तडे पाडतात. शक्य तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून विरतो. चार-पाच वर्षे माळ्यावर जपून ठेवलेला कोरा बूट पहिल्याच दिवशी केकसारखा तुकडे होऊन पडतो. आणि घराच्या पडवीत ठेवलेला कोणताही बूट घालण्यापूर्वी उलटा करून दोनदा आपटावा. काळोखी, उबदार जागा लाल विंचवालाही आवडते.