कागदी हिमकणाला आठ हात नकोत, सहाच हवेत

थंडीच्या सीझनसाठी बालवाडीतल्या ओरिगामीच्या आयडिया शोधायला बसलं की त्याच त्याच गोष्टी समोर येतात. काळ्या-पांढऱ्या कागदाचा पेंग्विन, हिरव्या त्रिकोणांचं ख्रिसमस ट्री, लाल टोपी, हातमोजे, आणि कागदी हिमकण तर हमखास. चौकोनी कागद घ्यायचा, अर्धा दुमडायचा, परत अर्धा, मग तिरका, कडेला कात्रीने दोन-चार कट मारायचे आणि उघडायचं, झाला स्नोफ्लेक. दिसतो छान, मुलं खूश होतात, खिडकीच्या काचा भरून जातात, सगळं मान्य. पण त्याचे हात मोजून बघा. चार निघतील नाहीतर आठ. आणि ढगातून खाली येणाऱ्या हिमकणाला असतात सहा.

ही चूक फक्त बालवाडीतली नाहीये, ग्रीटिंग कार्डं, गिफ्टचे रंगीत कागद, जाहिराती, सगळीकडे आठ हातांचे हिमकण दिसतात. शेवटी 2009 साली थॉमस कूप या जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात याबद्दल चक्क पत्र लिहिलं.

आता कोणी म्हणेल पाच वर्षांचं पोर आहे, त्याला काय फरक पडतो सहा काय नि आठ काय. मला वाटतं पडतो. तो सहाचा आकडा कोणा डिझायनरने ठरवलेला नाही, तो थेट पाण्याच्या रेणूतून आलेला आहे, आणि डोळ्याला कधीच न दिसणारा रेणू कसा रचला जातो हे हातात धरून बघता येईल अशा गोष्टी फार थोड्या आहेत.

पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, हे शाळेत झालेलं असतं. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो, त्यामुळे ती बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन होते. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो, हाच हायड्रोजन बंध. पाणी पातळ असतं तेव्हा हे बंध सतत जुळत-तुटत असतात, पण गोठताना प्रत्येक रेणू नेमके चार शेजारी पकडतो आणि ते चौघं एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब राहतील असे बसतात, म्हणजे चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या) चार टोकांना, मधला कोन साधारण 109 अंश. असे रेणू जोडत गेलात की सहा-सहा रेणूंची कडी तयार होतात, कड्याला कडं लागून थर बनतो, थरावर थर चढतो. कड्यांच्या मधे पोकळी राहते, म्हणून तर बर्फ पाण्यापेक्षा हलका होतो आणि तरंगतो. आपल्या रोजच्या बर्फाची रचना हीच, षटकोनी.

पण रेणूंचं कडं षटकोनी आहे म्हणून डोळ्याला दिसणारा कणही षटकोनी व्हावा असं काही आपोआप होत नाही, आणि इथेच मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. ढगात धुळीच्या एखाद्या कणावर बर्फाचा बारीक स्फटिक धरतो आणि हवेतली वाफ थेट त्याच्यावर बर्फ होऊन बसायला लागते. जिथे पृष्ठभाग खडबडीत आहे तिथे नव्या रेणूला धरायला जास्त बंध मिळतात, तो पटकन चिकटतो. जिथे गुळगुळीत आहे तिथे धरायला कमी, तो रेणू बऱ्याचदा निसटून जातो. म्हणजे खडबडीत भाग भराभर वाढून संपून जातात आणि शेवटी शिल्लक राहतात फक्त सगळ्यात हळू वाढणाऱ्या गुळगुळीत बाजू. त्या असतात आठ, वर एक, खाली एक आणि कडेला सहा. तयार झालं षटकोनी लोलकाचं बारीकसं पिल्लू.

हे पिल्लू थोडं मोठं झालं की त्याचे सहा कोपरे इतर भागापेक्षा बाहेर आलेले असतात. आजूबाजूची वाफ बर्फाजवळ कमी आणि लांब जास्त असते कारण जवळची वाफ बर्फाने आधीच ओढून घेतलेली असते, त्यामुळे जो भाग बाहेर आलाय त्याला ताजी वाफ जास्त मिळते, म्हणून तो जास्त वाढतो, जास्त वाढला म्हणून आणखी बाहेर येतो, म्हणून आणखी वाफ मिळते. सहा कोपऱ्यांतून सहा हात फुटतात ते असे. मग त्या हातांच्या कडेवरही हाच खेळ सुरू होतो आणि फांद्या फुटतात, हातापासून 60 अंशात, कारण खालची रेणूंची षटकोनी जाळी तीच आहे.

सहाही हात सारखे कसे, ते एकमेकांशी बोलतात का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. नाही बोलत. अख्खा हिमकण काही मिलिमीटरचा, तो ढगातून फिरताना ज्या तापमानातून आणि ज्या दमटपणातून जातो त्यातून सहाही हात एकाच वेळी जातात, म्हणून साधारण एकसारखे वाढतात. नीट बघितलं तर बहुतेक हिमकण तंतोतंत सारखे नसतातच, फोटोसाठी सुंदर तेवढे निवडले जातात.

हिमकणाचा आकार तापमानाप्रमाणे बदलतो. उणे 2 अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ चकत्या, उणे 5 ला सुया आणि लांब खांब, उणे 15 ला आपल्या ओळखीचे फांद्यावाले तारे, त्याहून खूप खाली परत चकत्या आणि खांब. म्हणजे तापमान उतरत जातं तसा कधी वर-खालच्या बाजूंचा वेग जास्त तर कधी कडेच्या सहा बाजूंचा, असा उलटसुलट बदल होत राहतो. तो नेमका का होतो हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. हा तक्ता उकिचिरो नाकाया या जपानी भौतिकशास्त्रज्ञाच्या कामातून आला, त्यांनी 1936 साली होक्काइडो विद्यापीठात सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमकण वाढवला होता. आणि हिमकणाला सहाच कोपरे का हा प्रश्न लिहून विचारला होता केप्लरने, हो तोच ग्रहांच्या कक्षांवाला, 1611 साली. कणांच्या दाट रचनेशी याचा काहीतरी संबंध असावा इथपर्यंत तो पोचला होता, तेही रेणू म्हणजे काय हे कोणालाच माहीत नसताना.

याच विषयात एक खोटी गोष्टही फिरत असते. पाण्याशी प्रेमाने बोललं की सुंदर स्फटिक होतात आणि शिव्या दिल्या की वेडेवाकडे, असं सांगणारे जपानी लेखक मासारु इमोटो यांचे फोटो अजूनही फॉरवर्ड होतात, आणि ते मुलांना 'प्रयोग' म्हणून दाखवलेही जातात. त्यात कोणत्या स्फटिकाचा फोटो घ्यायचा हे माणूसच निवडायचा. स्फटिकाचा आकार तापमान आणि वाफ ठरवते, शब्द नाही. मुलांना चांगलं बोलायला जरूर शिकवा, पण त्यासाठी पाण्याला साक्षीला उभं करू नका.

आता घडीकडे येऊ. नेहमीच्या पद्धतीत आपण कागद अर्धा, परत अर्धा असाच दुमडत जातो, म्हणून मधला कोन 90, मग 45 असा होतो आणि त्यातून सहा कधीच निघत नाहीत. सहासाठी एकदा तरी तीन भाग करावे लागतात. चौकोन कर्णावर दुमडा, त्रिकोण मिळेल. त्याच्या लांब बाजूचा मध्य खुणेने दाखवा. त्या मध्यापासून उजवा भाग डावीकडे आणि डावा भाग उजवीकडे असा दुमडा की दोन्ही कडा नीट जुळतील, आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार येतो. हा झाला 60 अंशांचा कोन. इथेच थांबून कापलंत तर तीन हात एका प्रकारचे आणि तीन दुसऱ्या प्रकारचे निघतात, कारण प्रत्येक घडी आरशासारखं उलटं चित्र देते. सहाही सारखे हवे असतील तर तो कोन मधोमध आणखी एकदा दुमडायचा, 30 अंश, बारा थर. वरची लोंबणारी टोकं कापून टाका, एका कडेला कट मारा, दुसरी कड शक्यतो अखंड ठेवा म्हणजे हात तिथे राहतील.

तीन सारखे भाग अंदाजाने करणं चार-पाच वर्षांच्या मुलांना जमत नाही, म्हणून बाईंनी आधी एक 60 अंशांचा साचा बनवून ठेवावा, आणि त्यासाठी कोनमापक लागत नाही. दुसरा एक चौकोन मधोमध उभा दुमडून उघडा. आता खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या घडीवर टेकवा, पण दुमड खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. कोपरा जिथे टेकला तिथे टिंब द्या आणि उघडून ते टिंब खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडा. कागद ताणला जात नाही, त्यामुळे टिंबापासून डाव्या कोपऱ्याचं अंतर खालच्या बाजूएवढंच राहतं, आणि टिंब मधल्या घडीवर आहे म्हणून उजव्या कोपऱ्यापासूनही तेवढंच. तिन्ही बाजू समान, तिन्ही कोन 60. इतकी स्वच्छ सिद्धता फक्त एका घडीत. बालवाडीचा जनक फ्रोबेलने कागदाच्या घड्या मुलांच्या कामात आणल्या त्या काही टाइमपास म्हणून नाही, आणि मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी तर त्याच बालवाडीच्या घड्यांवरून 1893 साली कागदाची अख्खी भूमिती लिहून काढली.

बारा थर ही मात्र खरी अडचण आहे. झेरॉक्सचा कागद जेमतेम 0.1 मिमी जाड, पण बारा थर झाले की बोथट टोकाची छोटी कात्री अडकते आणि आतले थर सरकून हात लहान-मोठे होतात. पातळ घोटीव कागद घ्या, प्रत्येक घडी नखाने दाबून घ्या, आणि लहान गटात शेवटची घडी सोडून द्या. तीन-तीन हातांचे निघाले तरी चालतील, कारण त्रिकोणी हिमकण निसर्गातही क्वचित सापडतात. बारा हातांचेही सापडतात, दोन स्फटिक सुरुवातीलाच एकमेकांवर 30 अंश फिरून चिकटलेले असले की तसं होतं. ते करायचे असतील तर सहा हातांचे दोन कागदी हिमकण मधे डिंकाचा थेंब देऊन तसेच फिरवून चिकटवा.