शाळा सुरू व्हायच्या आधी पोरांचं पोट का दुखतं

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा सुरू होतात. २०२४ ला बाकी महाराष्ट्रात १५ जूनला शाळा उघडल्या, आपल्याकडे १ जुलैला. पण हे जास्तीचे दिवस पोरांच्या कामी येत नाहीत, कारण नेमका तोच पेरणीचा टाईम असतो, बाप बियाण्याच्या लाईनीत, माय वावरात, आणि पोट्टं रात्री बारापर्यंत आंगणात बाजेवर मोबाईल पाहत पडलेलं अन् सकाळी नऊला उठतं.

माझी पुतणी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथी झाली, पाचवीला तालुक्याला जायचं होतं, एसटीने. सुट्टीच्या शेवटी रोज सांजच्याले तिचं पोट दुखायचं. आजीने ओवा दिला, दृष्ट काढली, भाऊ म्हणे नाटकं करते. नाटक नसतं हो ते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, रक्त पोटाकडून हातापायाच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, आणि पोटात खरंच गोळा येतो. वाघ समोर आला काय अन् नवीन शाळा आली काय, शरीर तेच करतं.

आणि सगळ्यात जास्त त्रास माहीत नसण्याचा होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१६ ला एक प्रयोग छापला. कॉम्प्युटरच्या गेममधे दगडाखाली साप आहे का ओळखायचं, साप निघाला की हाताला शॉक. घाम अन् डोळ्यातली बाहुली मोजली तर ताण सगळ्यात जास्त कधी होता, शॉक बसणारच हे पक्कं माहीत असताना नाही, तर बसेल की नाही हे फिफ्टी-फिफ्टी असताना!

म्हणून मी तिला बाजूला घेऊन विचारलं, नेमकं काय वाटते तुले? लय वेळ बोललीच नाही, बाजेची दोरी उकलत बसली, मग हळूच म्हणे, "काका, तथी बाथरूम कुठी आहे थे मले मालूमच नाही."

आम्ही सगळे समजत होतो इंग्रजीची भीती असेल!

दुसऱ्या दिवशी मी तिला एसटीने घेऊन गेलो, पेरणी एक दिवस थांबली तर थांबली. अ‍ॅडमिशनचं काम सुरू होतं म्हणून शाळेचं गेट उघडंच होतं. बसस्टँडपासून शाळा किती पावलं ते तिने मोजलं, चारशे बारा. बाथरूम पाहिलं, आतून कडी लागते का ते दोनदा लावून पाहिलं, पाण्याची टाकी पाहिली, परतीची गाडी कुठे लागते ते कंडक्टरला तिनेच विचारलं. त्या सांजच्याले पोट दुखलं, पण कमी.

दुसरी गोष्ट झोपेची. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, साधारण २० हजार पेशींचं एक घड्याळ असतं. (हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं.) माणसाचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा जरासं हळू चालतं, म्हणून सोडून दिलं की रोज थोडं थोडं मागे पडतं, आणि ते जागेवर आणतो तो सकाळचा उजेड. रात्रीचा मोबाईलचा उजेड उलटं काम करतो. त्यामुळे पोराला रात्री नऊला दटावून झोपवू नका, झोप येणारच नाही, उलट चिडचिड होईल. आधी सकाळचं उठणं रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा अन् उठल्या उठल्या आंगणात पाठवा, जूनमधे आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच फटफटीत उजाडतं. दुपारी कूलरसमोरची दोन तासांची झोपही कमी करा, नाहीतर रात्री कुस बदलत राहील. सहा ते बारा वर्षांच्या लेकरांना नऊ ते बारा तास झोप लागते. हे जमायला आठवडा तरी जातो, आदल्या रात्री काही होत नाही.

अन् "भागाकार विसरलो" म्हणून रडत असेल तर घाबरू नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मधेच दाखवून दिलं होतं की विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. रोज दोन गणितं, न पाहता, बस. आमच्या पोरीला तिसऱ्या दिवशी भागाकार आठवला.

शाळेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आली तर पुस्तकं दाखवायच्या आधी तिने हे सांगितलं, की बाजूच्या गावची एक पोरगी वर्गात रडत होती, तिले बाथरूम मी दाखवलं.