ठाणे–नवी मुंबईत सरकारी निवेदनांवरचा विश्वास कसा ओसरला

वाशीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचना फलकावर सध्या दोन कागद शेजारी शेजारी लावलेले आहेत. पहिला भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचा आहे. घरकामाला येणाऱ्या बायका आणि दुरुस्तीला येणारे मजूर यांचीही ओळखपत्रे तपासून घ्यावीत, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्यात रात्री रासायनिक वास आल्यास वेळ, वाऱ्याची दिशा आणि वासाचे स्वरूप लिहून ठेवण्याची विनंती आहे. पहिल्या कागदामागे परकीय घुसखोरांविषयीचे सरकारी म्हणणे आहे, तर दुसऱ्यामागे हवेविषयीच्या सरकारी म्हणण्यावरचा अविश्वास आहे. फलकापाशी थांबून वाचणारी माणसे मात्र तीच असतात. एका विषयात सरकारचा शब्द प्रमाण मानणारा गृहस्थ दुसऱ्या विषयात तोच शब्द हसण्यावारी नेतो आणि त्याच्या शेजारचा नेमके उलट करतो.

या अविश्वासाला अज्ञान किंवा अफवांचा परिणाम म्हणून मोडीत काढण्याची सवय अधिकाऱ्यांना आणि बऱ्याच पत्रकारांना लागली आहे. ती मला मान्य नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या भागात सरकारी निवेदन घटनेच्या दिवशीच आले आणि त्याचे खरेखोटे ठरायला दहा, पंधरा, कधी वीस वर्षे लागली. मधल्या काळात लोकांनी आपापला निष्कर्ष काढला आणि त्यावर आयुष्य उभे केले. उशिरा आलेला निकाल त्यांच्यापर्यंत पोचला, तरी त्यांचे मत बदलण्याची वेळ तोवर निघून गेलेली होती.

सरकारी शब्दाची पहिली कसोटी येथे जमिनीवर लागली. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची शेते, खाजणे आणि मिठागरे नव्या शहरासाठी संपादित करण्याचे काम सुरू झाले. मोबदल्याची आणि पुनर्वसनाची आश्वासने त्यासोबतच आली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले, तेव्हा त्या आश्वासनांना चौदा वर्षे होत आली होती. ज्याला येथे सगळे नुसते ‘साडेबारा टक्के’ म्हणतात, तो संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हक्क त्यानंतर, १९९० च्या दशकात, प्रत्यक्षात येऊ लागला. गावठाणातल्या बैठकीत अधिकारी बोलायला उभा राहिला की आजही एखादे म्हातारे माणूस ‘लेखी आहे का?’ एवढेच विचारते. हा प्रश्न अडाणीपणातून येत नाही, अनुभवातून येतो.

पर्यावरणाच्या बाबतीत तर शब्दांचा अर्थच वादात राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर कांदळवनतोडीला बंदी घातली आणि कांदळवनापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला गेला. या दोन तारखांच्या मधल्या तेरा वर्षांत ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर ‘राखीव वनक्षेत्र’ असे फलक लागले आणि त्यातल्या काही फलकांच्या मागेच रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे होत राहिले. फलक वाचणाऱ्याला मागचा ढिगाराही दिसत होता, हे विसरून चालणार नाही.

ऑगस्ट २०१५ मध्ये शासनाने ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला आणि २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना दिला जाणारा रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. खाडीला ओहोटी नसते तेव्हा हे पक्षी नेरूळ–सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. त्यातल्या एका जागेचे आरक्षण बदलून तेथे गोल्फ मैदान आणि निवासी संकुल उभे करण्याची वाट मोकळी केली गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सामान्य रहिवाशाच्या दृष्टीने वाद अगदी साधा होता. ज्या पाण्यात तो दर हिवाळ्यात हजारो गुलाबी पक्षी पाहतो, त्या पाण्याला कागदावर पाणथळ म्हणायचे की नाही, हे पक्षी पाहून ठरणार होते की नकाशा पाहून? एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावाच्या परिसरात मेलेले फ्लेमिंगो सापडले, तेव्हा भरतीचे पाणी तलावात येण्याचे मार्ग अडले आहेत ही रहिवाशांची तक्रार आधीपासून नोंदवलेली होती.

उरणच्या कोळी बांधवांचे उदाहरण याहून बोलके आहे. बंदराच्या विस्तारामुळे मासेमारीची जागा आणि बोटींचे मार्ग गेले, हे ते वर्षानुवर्षे सांगत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जिताडा आणि चिंबोरी कुठे मिळेनाशी झाली हे जाळे टाकणाऱ्याला पहिल्या हंगामातच कळते. कागदाला ते कळायला लवाद लागला.

हवेचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे दोन्ही बाजू आपापल्या जागी खरे बोलत असू शकतात. आपल्याकडील हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे: दोन आकारांचे सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. त्यातल्या बहुतेकांची चोवीस तासांची सरासरी धरली जाते. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील किंवा तळोज्यातील एखाद्या कारखान्यातून रात्री एक ते तीन या वेळात द्रावकांची किंवा गंधकयुक्त संयुगांची वाफ सुटली, तर ती या आठांच्या यादीत नसते आणि असती तरी सरासरीत विरून गेली असती. म्हणून सकाळी पडद्यावर ‘समाधानकारक’ असे दिसते आणि खिडक्या लावूनही रात्रभर डोळे चुरचुरलेल्या माणसाला आपल्याशी कोणी धडधडीत खोटे बोलत आहे असे वाटते. यंत्राने खोटे सांगितलेले नसते. माणसाने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसते, इतकेच. हे एवढे दोन वाक्यांत समजावून सांगणारा अधिकारी मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. आमच्याच इमारतीतून केलेल्या एका तक्रारीवर पथक दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तेव्हा वारा फिरलेला होता आणि अहवालात ‘वास आढळला नाही’ अशी नोंद झाली.

त्यातच ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतील भटकी कुत्री अंगावर निळा रंग चढलेली दिसली आणि तो रंग कारखान्याच्या आवारातून आल्याचे पुढे आले. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीत, २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा जण गेले. धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या आणि २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीतील दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला. ‘सर्व काही नियंत्रणात आहे’ हे वाक्य या दोन तारखांच्या मध्ये किती वेळा उच्चारले गेले असेल, याचा हिशेब डोंबिवलीकर मनात ठेवून आहेत.

धर्माच्या संदर्भातील अविश्वास याहून जुना आणि खोल आहे. मे १९७० च्या भिवंडीतील दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपाती कामावर कडक ताशेरे ओढले. ते वाचायला मिळेपर्यंत काही वर्षे गेली होती आणि १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मुंबईतील १९९२–९३ च्या दंगलींत सरकारी नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. त्यांची चौकशी करणारा न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला आणि त्या वेळच्या राज्य सरकारने तो एकतर्फी म्हणून नाकारला. दंगलीनंतर मुंबईतून बाहेर पडलेली अनेक मुसलमान कुटुंबे मुंब्र्यात येऊन राहिली. आज पारसिक बोगद्यापलीकडे दिसणारे दाटीचे मुंब्रा बऱ्याच अंशी त्या विस्थापनातून वाढले, हे ठाण्यातल्या नव्या पिढीला सहसा ठाऊक नसते.

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या दिवशीची गोष्ट या सगळ्याच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून स्फोटांची संख्या सांगताना प्रत्यक्षात न झालेला एक स्फोट मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागात झाल्याचे सांगितले. पुन्हा दंगल भडकू नये म्हणून आपण हे जाणीवपूर्वक केले, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. त्या संध्याकाळी शहर शांत राहिले, हे खरे आहे, आणि त्या प्रसंगी त्यांच्या जागी कोणी दुसरे काय केले असते हे सांगणे सोपे नाही. तरीही मला तो निर्णय चुकीचा वाटतो. मुसलमानांविषयी सरकार काहीतरी लपवते अशी ज्यांची समजूत होती त्यांना त्या दिवशी कायमचा पुरावा मिळाला, आणि तो आजही अगदी वेगळ्या संदर्भात पुढे केला जातो.

मुंब्र्याच्या बाजूने पाहिले तर पुरावे दुसरे आहेत. १५ जून २००४ रोजी अहमदाबादजवळ मारल्या गेलेल्या चौघांत मुंब्र्याची १९ वर्षांची विद्यार्थिनी होती. चौघेही लष्कर-ए-तोयबाचे असल्याचे त्याच दिवशी सांगण्यात आले. २००९ च्या दंडाधिकारी चौकशीने आणि २०१३ च्या सीबीआय आरोपपत्राने ती चकमक बनावट म्हटली, आणि मार्च २०२१ मध्ये उरलेले पोलीस अधिकारीही आरोपमुक्त झाले. जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी गेले. त्यातला एक स्फोट ठाणे जिल्ह्यातील मीरा रोडजवळ झाला होता. दोषी ठरलेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. आरोपींच्या कुटुंबांची १९ वर्षे गेली आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांना गुन्हेगार कोण हे अजून कळलेले नाही. या एकाच निकालाने दोन्हीकडचा अविश्वास वाढवला.

आकड्यांचे तर विचारूच नये. केंद्र सरकारने ४ फेब्रुवारी २०२० रोजी संसदेत सांगितले की ‘लव्ह जिहाद’ या शब्दाची कायद्यात व्याख्या नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे तसे प्रकरण नोंदलेले नाही. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधानसभेत अशा एक लाखाहून अधिक प्रकरणांचा दावा केला. घुसखोरीबाबतही तेच झाले. जुलै २००४ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत देशातील बेकायदा बांगलादेशींची संख्या सुमारे १ कोटी २० लाख सांगितली आणि लगेचच तो आकडा ऐकीव माहितीवर आधारित असून भरवशाचा नाही, असे म्हणून मागे घेतला. नोव्हेंबर २०१६ मध्ये सरकारने २ कोटी हा आकडा दिला. पहिला आकडा मागे घेतला गेला होता हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. तो आकडा मात्र सर्वांच्या लक्षात राहिला.

जानेवारी २०२५ मध्ये एका अभिनेत्यावरील हल्ल्याच्या प्रकरणातील आरोपीला घोडबंदर रस्त्यालगतच्या मजूर वस्तीजवळून अटक झाली आणि तो बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले. बेकायदा आलेली माणसे या भागात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचे खटले येथील न्यायालयांत चालतात. पण त्याच वर्षी जूनमध्ये मीरा रोडला राहणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला पकडून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि तो भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले. जुलै १९९८ मध्येही मुंबईतून रेल्वेने नेल्या जाणाऱ्या बंगालीभाषक मुसलमानांना पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकात जमावाने गाडी अडवून सोडवले होते. २७ वर्षांत ओळख पटवण्याची पद्धत किती सुधारली, हा प्रश्न विचारणे म्हणजे घुसखोरांची बाजू घेणे नव्हे.

या साऱ्या दाव्यांना मोजून तपासायचे तर हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. तेव्हा अखंड ठाणे जिल्हा १ कोटी १० लाख लोकसंख्येसह देशात पहिला होता. दहा वर्षांपूर्वी ती ८१ लाख होती. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ चे धर्मनिहाय आकडे ऑगस्ट २०१५ मध्ये आणि स्थलांतराची सविस्तर कोष्टके २०१९ मध्ये जाहीर झाली होती. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. जन्मस्थान, आधीचे राहण्याचे ठिकाण आणि स्थलांतराचे कारण हे प्रश्न त्या वेळी विचारले जाणे अपेक्षित आहे. तोवर ठाण्यात कोण किती आले याविषयी सभेत, विधानसभेत किंवा आमच्या सूचना फलकापाशी सांगितला जाणारा प्रत्येक आकडा अंदाजच असणार आहे.