तुकडीतील व्यक्तिरेखाविकास (विज्ञानकाल्पनिक शूटर गेम)

विज्ञानकाल्पनिक शूटर गेममध्ये (गोळीबारावर आधारलेल्या संगणकीय खेळात) खेळाडूच्या बरोबरीने लढणाऱ्या लहान तुकडीतील सैनिकांना स्वभाव, पूर्वायुष्य व परस्परसंबंध देऊन गोष्टीच्या ओघात ते पालटत नेण्याची लेखनपद्धती. तुकडी बहुधा तीन ते सहा जणांची असते. त्यातला एक जण खेळाडूच्या हातात असतो, उरलेल्यांना संगणक चालवतो. शूटरमध्ये खेळाडूचे डोळे शत्रूवर व बोटे बटनांवर गुंतलेली असल्याने स्वभावदर्शनाला दोन गोळीबारांमधले काही सेकंदच मिळतात. ही अडचण हाच या पद्धतीचा पाया आहे. प्रस्तुत नोंदीत ‘तुकडी’ हाच शब्द वापरला आहे. ‘पथक’ हा शब्द मराठीत भरारी पथकापासून ढोलपथकापर्यंत इतका पसरला आहे की त्यातून चार-पाच जणांचा घट्ट जमाव डोळ्यांपुढे येत नाही.

उगम : या पद्धतीची सुरुवात कोणत्या खेळापासून धरावी याबद्दल एकमत नाही. एक मत मुख्य श्रेय चित्रपटाला देते. जेम्स कॅमरन यांच्या ‘एलियन्स’ (१९८६) मधील मरीन तुकडीत चिरूट चघळणारा सार्जंट, बढाया मारणारा व पुढे गर्भगळित होणारा शिपाई, शांत डोक्याचा कॉर्पोरल आणि जड बंदूक पेलणारी स्त्री-सैनिक अशी पात्रे आहेत. पुढच्या अनेक खेळांनी हा संच जवळजवळ तसाच उचलला. ‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ह्ड’ (२००१) मधला सार्जंट जॉन्सन पाहिल्यावर हे ऋण नाकारता येत नाही. तरीही या मताने पात्रांचे साचे कुठून आले एवढेच कळते. खेळाच्या नियमांतून व्यक्ती कशी उभी राहू लागली, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरे मत १९९३ हे वर्ष धरते. त्या वर्षी अमिगा संगणकासाठी आलेल्या ‘हायर्ड गन्स’मध्ये बारा भाडोत्री सैनिकांतून चार निवडायचे असत. प्रत्येकाची माहिती वेगळी, आणि पडद्याचे चार भाग करून चौघांचे चार दृष्टिकोन एकाच वेळी दिसत. ‘स्पेस हल्क’ या पटावरील खेळावर आधारलेला त्याच नावाचा संगणकीय खेळही १९९३चाच. त्यात खेळाडू एका योद्ध्याच्या डोळ्यांनी पाहत असतानाच इतरांना हुकूम सोडत असे. मात्र पहिल्यात व्यक्तिमत्त्व माहितीपत्रातच राहते, मोहिमेत उतरत नाही; आणि दुसऱ्यातले योद्धे शेवटपर्यंत सोंगट्याच राहतात. काही जण याही मागे जाऊन ‘लेझर स्क्वॉड’ (१९८८) पुढे करतात. पण तो पाळीपाळीने खेळायचा डावपेचाचा खेळ असल्याने त्याला शूटर म्हणता येत नाही.

तिसऱ्या मताप्रमाणे खरी सुरुवात २००० साली झाली. त्या वर्षी दोन खेळ आले व दोघांची वाट वेगळी होती. ‘दाइकाताना’मध्ये सुपरफ्लाय जॉन्सन व मिकिको हे साथीदार नायकाबरोबर असतात. त्यांपैकी कोणीही मेले की डाव संपतो. साथीदारांना नीट वावरता येत नसल्यामुळे ते पात्रांऐवजी ओझेच वाटू लागले. रेव्हन सॉफ्टवेअरच्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर – एलिट फोर्स’मधील ‘हॅझर्ड टीम’ मात्र वेगळी होती. मोहिमा आटोपल्या की खेळाडू यानात हिंडे, सहकाऱ्यांशी बोले, त्यांची कुरबूर व थट्टा ऐके. लढाई आणि यानातला निवांतपणा यांची ही आलटापालट पुढे ‘मास इफेक्ट’ मालिकेचा कणा ठरली. पात्रांचे साचे ऐंशीच्या दशकातले, माहितीपत्रे साधारण १९९३च्या सुमाराची आणि नियम व संवाद यांची सांगड २००० नंतरची, असा टप्प्याटप्प्याचा क्रम मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

बार्क : लढाई चालू असताना पात्रे जी तुटक वाक्ये उच्चारतात त्यांना गेमलेखक ‘बार्क’ म्हणतात. शब्दशः अर्थ भुंकणे. ‘ग्रेनेड!’, ‘डावीकडे दोघे!’, ‘गोळ्या संपल्या!’ यांसारख्या वाक्यांचे काम मुळात सूचना देण्याचे असते. पण तीच सूचना कोण कशी देतो यातून स्वभाव बांधला जातो. एका प्रसंगासाठी एकाच पात्राची अनेक वाक्ये ध्वनिमुद्रित करून ठेवतात. एक वाक्य वाजले की ते ठरावीक काळ पुन्हा वाजू द्यायचे नाही, दोन पात्रे एकदम बोलू लागली तर महत्त्वाचे वाक्य पुढे काढायचे, असे नियम प्रणालीत घालतात. हे नियम ढिले पडले की चांगला लिहिलेला सैनिकही पोपट वाटू लागतो.

बार्कची ताकद ‘फिअर’ (२००५) या खेळाच्या शत्रूंवरून चांगली कळते. त्याच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे रचनाकार जेफ ऑर्किन यांनी २००६च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये आपली पद्धत उलगडून सांगितली. त्या खेळात प्रत्येक सैनिक बराचसा स्वतंत्रपणे निर्णय घेतो. पण सैनिक आपला हेतू मोठ्याने बोलून दाखवत असल्याने ते आपापसांत बेत आखून लढत आहेत असे खेळाडूला वाटते. ऐकणारा मधल्या जागा स्वतः भरतो. मित्रतुकडीच्या बाबतीतही हेच घडते, आणि म्हणून पटकथेतल्या लांब संवादापेक्षा बार्कला या नोंदीत अधिक जागा दिली आहे.

एकसारख्यांतले वेगळेपण : ‘स्टार वॉर्स : रिपब्लिक कमांडो’ (२००५) हे या विद्येचे सर्वांत शुद्ध उदाहरण मानावे लागेल. त्यातील डेल्टा तुकडीचे चारही सैनिक एकाच माणसाचे क्लोन आहेत. चेहरा एक, शरीर एक, तेही बहुतेक वेळ हेल्मेटखाली. नावाऐवजी चार आकडी क्रमांक : ११३८, ११४०, १२६२, १२०७. लेखकांनी त्यांना बॉस, फिक्सर, स्कॉर्च व सेव्ह ही टोपणनावे दिली, चिलखतावर अनुक्रमे नारिंगी, हिरवा, पिवळा व लाल रंग चढवला आणि चौघांना चार वेगळे आवाज दिले. स्कॉर्च सुरुंग पेरताना विनोद करतो, सेव्ह मारलेल्या शत्रूंची मोजणी करतो, फिक्सर नियमावर बोट ठेवतो. विशेष हे की कोणतेही काम चौघांपैकी कोणीही करू शकतो. कुलूप उघडायला फिक्सरच हवा असे बंधन नाही. म्हणजे खेळाच्या हिशेबात ते चौघे जवळजवळ सारखेच असून त्यांच्यातला फरक रंगाने व बोलण्याने उभा राहिला आहे, आणि खेळाडू तरीही काही तासांत त्यांना नावाने ओळखू लागतो.

मृत्यूचा नियम : साथीदार पडला की पुढे काय, या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुकडीतील व्यक्तिरेखांची खोली सर्वाधिक अवलंबून असते. ‘ब्रूट फोर्स’ (२००३) मध्ये मेलेला सैनिक क्लोन करून पुन्हा उभा करता येतो. नुकसान केवळ खर्चाचे होते, त्यामुळे टेक्स, ब्रूटस, हॉक व फ्लिंट यांच्या जिवाची धास्ती कधी लागत नाही. रिपब्लिक कमांडोत पडलेल्याला सोबती सावरतात, आणि खेळाडू स्वतः पडला तर त्यालाही तेच उठवतात. संपूर्ण खेळभर हा नियम अंगवळणी पडल्यावर शेवटी कशीक ग्रहावर सेव्हशी संपर्क तुटतो. त्याला आणायला परत जायचे नाही असा वरून हुकूम येतो. ज्याला दहा वेळा हात देऊन उठवले त्याच्यापर्यंत आता पोचताच येत नाही. हा आघात कथेइतकाच नियम मोडण्यातून होतो.

‘हेलो : रीच’ (२०१०) याच्या उलट टोकाला आहे. खेळाची सुरुवातच उजाड माळावर पडलेल्या भोक पडलेल्या हेल्मेटने होते, आणि खेळाडू ज्या जागेवर नोबल तुकडीत रुजू होतो ती जागा मेलेल्या सहाव्याची असते. पुढे जॉर्ज, कॅट, कार्टर व एमिल एकेक करून जातात. फक्त जून वाचतो. शेवटच्या प्रसंगात खेळाडूला जिवंत राहण्याखेरीज दुसरे उद्दिष्ट दिले जात नाही आणि ते पुरे होणारही नसते. यातील सर्वांत जिवंत रेखाटन जॉर्जचे आहे. पहिल्याच मोहिमेत हा अवाढव्य योद्धा भेदरलेल्या मुलीशी तिच्या हंगेरियन भाषेत बोलतो, आणि तेवढ्यावरून तो याच रीच ग्रहाच्या मातीतला आहे हे कळते. कॅटचा मृत्यू वाक्याच्या मध्येच नेमबाजाच्या गोळीने होतो, तोही परिणामकारक आहे. एमिल मात्र कवटी कोरलेल्या हेल्मेटपलीकडे फारसा जात नाही. एका वर्षापूर्वीच्या ‘हेलो ३ : ओडीएसटी’ने वेगळी युक्ती योजली : मुका नवखा सैनिक ओस शहरात एकटा फिरतो, सोबत्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू शोधतो आणि प्रत्येक वस्तूबरोबर त्या त्या सोबत्याची हकीकत खेळायला मिळते. तुकडी अनुपस्थितीतूनही घडवता येते, हे या खेळाने दाखवले.

‘गिअर्स ऑफ वॉर’ (२००६) मालिकेने मृत्यूला दीर्घ कथानकाचे रूप दिले. डॉमिनिक सँटियागो हरवलेली पत्नी मारिया शोधत असतो; दुसऱ्या भागात (२००८) ती सापडते ती न वाचण्याच्या अवस्थेत, आणि तिसऱ्यात (२०११) तो सोबत्यांसाठी प्राण देतो. तीन खेळांवर पसरलेला इतका सलग दुःखाचा धागा या प्रकारात विरळाच.

निष्ठा व विश्वास : ‘मास इफेक्ट’मध्ये (२००७) व्हर्मायर ग्रहावर केडन व अ‍ॅशली यांतील एकालाच वाचवता येते. दुसऱ्या भागात (२०१०) मूळ खेळातील दहा साथीदारांपैकी प्रत्येकासाठी एक व्यक्तिगत मोहीम आहे. ती पुरी केली की त्याची निष्ठा मिळते, आणि ही निष्ठा, यानातील सुधारणा व अंतिम हल्ल्यात कोणाला कोणते काम दिले यांवर कोण जगेल हे ठरते. सारे वाचू शकतात, सारे मरूही शकतात. काही अभ्यासक या मालिकेला भूमिकाप्रधान खेळ (ज्यात पात्राची भूमिका घेऊन त्याचे निर्णय घ्यायचे असतात) मानून शूटरच्या चर्चेतून वगळतात. लढाईची हाताळणी पाहता हे वर्गीकरण दुसऱ्या भागानंतर टिकत नाही. सेगाच्या ‘बायनरी डोमेन’मध्ये (२०१२) विश्वास हीच मोजपट्टी आहे : साथीदाराला चुकून गोळी लागली तर तो चिडतो, विश्वास घटला की हुकूम मानत नाही, आणि शेवटही त्यावर बदलतो.

सहखेळ : साथीदार मानवी मित्र चालवू लागला की लेखकाने घडवलेला स्वभाव त्याच्या हातात जातो, हळवा डॉमिनिक उड्या मारत फिरू शकतो. ‘एपेक्स लेजंड्स’ने (२०१९) यावर व्यवहार्य तोड काढली. त्यात तिघांची तुकडी बहुधा अनोळखी माणसांची असते. पण एखाद्याने बटन दाबून शत्रू वा वस्तू दाखवली की ती खूण त्याने निवडलेल्या पात्राच्या आवाजात व ढंगात उच्चारली जाते. खेळाडू एक शब्द न बोलता आपले पात्र बोलते ठेवतो.