नागीणोत्तर वेदनेवरील मज्जारज्जू उद्दीपन

नागीण बरी झाल्यावरही तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेली नसेची वेदना औषधांना दाद देत नसेल, तर शरीरात बसवलेल्या विद्युत उपकरणाने ती दबवण्याची पद्धत.

कांजिण्यांचा विषाणू बरे झाल्यावरही मणक्यालगतच्या चेतागुच्छात (नसांच्या पेशींच्या गाठीत) दडून राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तो एखाद्या नसेवाटे कातडीवर उतरतो; हीच नागीण. नागिणीचे तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही भीती विदर्भातल्या खेड्यांत अजून आहे. पुरळ शरीराच्या एकाच बाजूला येत असल्याने ते सहसा जुळतच नाही. पुरळ आपसूक बरे होते, नाव मात्र मंत्र घालणाऱ्याचे होते. या खटाटोपात पहिले 72 तास निघून जातात, आणि ॲसायक्लोव्हिरसारख्या विषाणूरोधक औषधाचा खरा उपयोग त्याच काळात असतो. पुढे फोड सुकले तरी दुखावलेली नस शांत होत नाही. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही; वेचणीच्या दिवसांत कमरेला कापसाची झोळी बांधणे अशक्य होते.

वेदनेचे अभ्यासक मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या 'वेदनाद्वार' सिद्धांतावर (मज्जारज्जूत जणू एक दार असते, ते वेदनेचे संदेश अडवू शकते) हा उपचार उभा राहिला. 1967 मध्ये अमेरिकी शल्यविशारद नॉर्मन शीली यांनी असे पहिले उपकरण बसवले. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील जागेत सुईवाटे बारीक तार सरकवतात. पेसमेकरसारखी बॅटरी नितंबाच्या वरच्या भागात किंवा पोटावर, कातडीखाली ठेवतात. त्याआधी काही दिवस तार बाहेरच्या यंत्राला जोडून चाचणी होते. वेदना निम्म्याने तरी उतरली तरच कायमचे रोपण करतात. चाचणी टाळून थेट रोपण सुचवले गेल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

मधुमेहामुळे होणाऱ्या नसेच्या वेदनेत या पद्धतीच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या आहेत. नागिणीनंतरच्या वेदनेत मात्र पुरावा बहुतांशी लहान रुग्णमालिकांचा (मोजक्या रुग्णांच्या नोंदींचा) आहे. म्हणून नसेच्या वेदनेवरची गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन ही औषधे, बधिर करणारी लिडोकेनची पट्टी हे सगळे करून झाल्यावरच हा मार्ग येतो. खर्च लाखांत जातो.

रोपणानंतर पहिले काही आठवडे वाकणे, पिळणे, ओझे उचलणे वर्ज्य असते, नाहीतर तार सरकते. निंदणावर पोट असलेल्याने हंगाम पाहूनच तारीख घ्यावी. प्रवाह जुळवून घ्यायला मेळघाट किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला पुन्हापुन्हा मोठ्या शहराची वाट धरावी लागते. चार्ज करावी लागणारी बॅटरी घेताना गावातल्या भारनियमनाच्या वेळा आधी सांगाव्यात. जखम लाल झाली, पू आला किंवा ताप भरला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, आणि एमआरआय काढण्याआधी उपकरणाचे कार्ड दाखवावे.