अप्रतिसाद समायोजन (कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील)

नमुन्यात निवडलेल्या काही घरांकडून माहिती मिळाली नाही, तर मिळालेल्या उत्तरांचा भार (एकूण हिशेबात त्यांना दिलेले वजन) वाढवून ती तूट भरून काढण्याची सांख्यिकीय रीत. एखाद्या स्तरातील (नमुन्यासाठी पाडलेल्या गटातील) 20 पात्र घरांपैकी 18 घरांनी उत्तरे दिली, तर त्या 18 घरांचा मूळ भार 20/18 ने, म्हणजे सुमारे 1.11 ने गुणतात. उत्तर देणारे व न देणारे आरोग्याच्या बाबतीत सरासरीने सारखेच, हे यामागचे गृहीत होय.

रीतीचा उगम सामान्यतः 1940 च्या दशकात मानतात. श्रेयाबाबत मतभेद आहेत. टपालाने उत्तर न देणाऱ्यांतून उपनमुना काढून त्यांच्या घरी जावे, अशी योजना हॅन्सन व हर्विट्झ यांनी 1946 मध्ये मांडली. ती भारबदलाची नव्हे, पुनर्भेटीची रीत असल्याने तिला पूर्वसूरी म्हणणे अधिक सयुक्तिक. घरी सापडण्याच्या शक्यतेवरून भार ठरवण्याची पद्धत पोलिट्झ व सिमन्स (1949) यांच्या नावे रूढ आहे. मूळ कल्पना मात्र हार्टली यांनी 1946 मध्येच सुचविली होती. तीत मागील पाच संध्याकाळी याच सुमारास उत्तरदाता किती वेळा घरी होता, हे विचारतात. ‘क्ष’ वेळा असल्यास भार 6/(क्ष+1) धरतात.

बुध (ता. खटाव, जि. सातारा) येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे (1911–97) यांचे सुरुवातीचे कार्य प्रामुख्याने कृषी सर्वेक्षणातले. पीककापणीच्या पाहणीत शेत गाव सोडून जात नाही. घराचे तसे नाही. गळीत हंगामात जत भागातील ऊसतोड टोळ्या बाहेर असतात, खानापूर-आटपाडीचे गलाई (सोने-चांदी गाळणारे) कारागीर देशभर विखुरलेले, तर पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत. ही अनुपस्थिती संध्याकाळची नसून महिन्यांची असल्याने पाच संध्याकाळींचा हिशेब येथे लागू पडत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशपातळीवर कुटुंबांचा प्रतिसाद 98 टक्के, स्त्रियांचा 97 व पुरुषांचा 92 टक्के होता. कुटुंबांचा आकडा जपून वाचावा लागतो. दीर्घकाळ बंद असलेली व रिकामी घरे प्रतिसाददराच्या छेदातच धरत नाहीत. नकार, पुढे ढकललेली भेट, माहिती देण्याजोगे कोणी घरी नसणे व न सापडलेले घर एवढेच अप्रतिसादात मोडते. त्यामुळे कुलूप लावून फडावर गेलेले कुटुंब दर घटवत नाही आणि त्याच्यासाठी कोणाचा भारही वाढत नाही. बदली घर घेण्यास मुभा नसते. उलट आदल्या रात्री त्या घरी मुक्कामास असलेली 15 ते 49 वयाची पाहुणी स्त्री पात्र ठरते; यात्रेच्या दिवसांत पाहणी झाली, तर मुंबईकर सुनाही गावच्या आकड्यात येतात.

जिल्हानिहाय अंदाज चौथ्या फेरीपासून (2015–16) मिळतात. ते तालुक्यांत फोडता येत नसल्याने सांगली जिल्ह्यातील जत व मिरज एकाच सरासरीत येतात.